वाचकांचे प्रश्न : सर्व्हिस पिस्तूल २५ मीटरवर नेमकं किती अचूक असतं?

मागच्या अंकात २५ मीटर पिस्तुलाचं कागदी टार्गेट कसं असतं ते थोडक्यात दिलं होतं, म्हणजे दहाची रिंग ५० मिलीमीटर व्यासाची, नऊची १०० ची, आणि मधला सगळा काळा गोल २०० मिलीमीटरचा. त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे बहुतेकांना स्पर्धेच्या पिस्तुलाबद्दल नाही, पोलीस आणि लष्कराच्या, म्हणजे सर्व्हिस पिस्तुलाबद्दलच विचारायचंय. त्यातले काही प्रश्न घेतोय.

माझा चुलतभाऊ पोलिसात पीएसआय आहे. दरवर्षीच्या चांदमारीत २५ मीटरवर त्याच्या निम्म्या गोळ्या काळ्याच्या बाहेर जातात. तो म्हणतो पिस्तूल जुनं झालंय, स्लाइड हलवली तर खुळखुळ आवाज येतो, अशा पिस्तुलाने कोणाचाच नेम लागणार नाही. हे खरं का? एअर पिस्तूलवाली पोरं तर धडाधड दहा मारतात. – एक वाचक, सातारा

भावाला सांगा की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) खुळखुळते म्हणून गोळ्या पांगत असतील, पण एवढ्या नाही.

आता नीट सांगतो. आपल्याकडे लष्करात आणि पोलिसात वर्षानुवर्षं जे ९ एमएम पिस्तूल चालत आलंय ते इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं, मूळ डिझाइन ब्राउनिंग हाय-पॉवरचं, १३ गोळ्यांचं मॅगझिन. यात बॅरल (नळी) एका जागी पक्कं बसवलेलं नसतं. गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडंसं मागे येतात, मग बॅरलचा मागचा भाग खाली झुकतो, स्लाइड सुटून आणखी मागे जाते, रिकामं खोकं बाहेर फेकते, नवा राउंड आत घालते आणि बॅरल परत वर येऊन स्लाइडमध्ये अडकतं. गोळी तोवर कधीच बाहेर गेलेली असते त्यामुळे या सगळ्या हालचालीचा त्या गोळीवर परिणाम होत नाही, परिणाम होतो तो पुढच्या गोळीवर. कारण नेम धरायची माशी (पुढचा छोटा उंचवटा) आणि मागची खाच दोन्ही स्लाइडवर बसवलेल्या आहेत आणि बॅरल मात्र दर वेळी नव्याने जागेवर येऊन बसतं. ते दर वेळी हुबेहूब त्याच जागी बसलं तर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, छोटा, किंचित इकडे तिकडे बसलं तर ग्रुप मोठा. म्हणजे बघायचं ते बॅरल स्लाइडमध्ये किती घट्ट बसतंय. तुमचा भाऊ जी खुळखुळ ऐकतोय ती स्लाइड आणि खालच्या फ्रेममधली आहे, तिचा वाटा त्यामानाने कमी असतो. हे आर्मररला (शस्त्रं सांभाळणाऱ्याला) विचारा, स्लाइड बंद असताना तो बॅरलचं मागचं टोक अंगठ्याने दाबून बघेल, तिथे खेळ लागला तर मग बोला.

मग असं पिस्तूल माणसाच्या हातातून काढून लोखंडी स्टँडमध्ये जखडलं आणि २५ मीटरवरून झाडलं तर काय होतं? बऱ्या स्थितीतलं कुठलंही ९ एमएम सर्व्हिस पिस्तूल, बऱ्या दारूगोळ्याने, साधारण ५ ते १० सेंटीमीटरच्या गोलात गोळ्या टाकतं. चांगलं असेल तर ५ च्या जवळ, झिजलेलं असेल तर १० च्या पुढेही. आता हे वरच्या टार्गेटवर ठेवून बघा. १० सेंटीमीटर म्हणजे अख्खी नऊची रिंग. म्हणजे पिस्तूल एकटं असतं तर नऊ आणि दहा याशिवाय काही लागायला नको. काळा गोल तर २० सेंटीमीटरचा आहे, त्याच्या बाहेर गोळी नेणं हे काही त्या बिचाऱ्या पिस्तुलाचं काम नाही.

मग कुठे जातं सगळं? दोन ठिकाणी, आणि पहिलं ठिकाण म्हणजे माशी. या पिस्तुलावर माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर असतं साधारण १६ सेंटीमीटर. टार्गेट आहे २५ मीटरवर. माशी खाचेच्या मध्यापासून फक्त १ मिलीमीटर डावीकडे गेली तर टार्गेटवर गोळी जाते साडेपंधरा सेंटीमीटर डावीकडे, म्हणजे थेट काळ्याच्या बाहेर, चारच्या रिंगमध्ये. एक मिलीमीटर! एका केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी टार्गेटवर एक सेंटीमीटर सरकतो. आणि याउलट, माशी खाचेत बरोबर मध्यावर आहे पण अख्खा हातच २ सेंटीमीटर डावीकडे वाहत गेला, तर गोळी फक्त २ सेंटीमीटरच डावीकडे जाते. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, हात हलतोय म्हणून घाबरतो, टार्गेटकडे डोळे फाडून बघत बसतो आणि माशीकडे त्याचं लक्षच नसतं. माशी स्पष्ट दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर, हे रेंजवर सगळे उस्ताद ओरडून ओरडून सांगतात तरी जो तो पुन्हा टार्गेटकडेच बघतो, कारण काळं भोक कुठे पडलं ते बघायची घाई.

दुसरं ठिकाण ट्रिगर, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथेच आहे. स्पर्धेच्या सेंटर-फायर (मोठ्या काडतुसाच्या) पिस्तुलाचा ट्रिगर १ किलोला सुटला तरी नियमात बसतो. सर्व्हिस पिस्तुलाचा मुद्दाम जड ठेवलेला असतो, अडीच-तीन किलो किंवा जास्तच, कारण ते होल्स्टरमध्ये घालून फिरायचं असतं, धावपळीत हातात असतं, तिथे हलका ट्रिगर म्हणजे अपघाताला आमंत्रण. आता पिस्तुलाचं स्वतःचं वजन एक किलोच्याही आत आणि तुम्ही त्याचा ट्रिगर ओढताय तीन किलोच्या जोराने. त्या तीन किलोतला थोडासा जोर जरी सरळ मागे न जाता बाजूला गेला तरी माशी हललीच. त्यात आवाजाची आणि धक्क्याची भीती, गोळी सुटायच्या क्षणी मनगट आपोआप खाली दाबलं जातं आणि उजव्या हाताच्या माणसाचा ग्रुप खाली डावीकडे जाऊन बसतो. भावाचं जुनं टार्गेट घरी असेल तर काढून बघा. भोकं चारी बाजूंना पसरलेली असतील तर पिस्तुलाबद्दल शंका घेऊ, सगळी खाली डावीकडे गोळा झाली असतील तर पिस्तूल निर्दोष आहे.

याची परीक्षा फार सोपी आहे. रेंजवर दुसऱ्या कोणाला तरी मॅगझिन भरायला सांगायचं, मधे मधे डमी (दारू नसलेले) राउंड घालायचे, भावाला कळू द्यायचं नाही कितवा डमी आहे. डमीवर नुसतं टिक वाजेल आणि त्या वेळी पिस्तुलाचं तोंड खाली बुचकळ्या मारताना सगळ्या रांगेला दिसेल. हसू नका फक्त, सगळ्यांचं होतं.

राहता राहिली एअर पिस्तूलवाली पोरं. त्यांचं बॅरल फ्रेमला पक्कं असतं, माशी-खाच त्याच्याशीच बांधलेल्या, ट्रिगर अर्ध्या किलोचा, धक्का जवळपास नाही आणि अंतर १० मीटर. पण तिथली दहाची रिंग फक्त साडेअकरा मिलीमीटरची असते हे पण लक्षात घ्या, म्हणजे ते सोपं आहे असं नाही, फक्त तिथे यंत्र माणसाच्या विरोधात काम करत नाही.

निवृत्त इंजिनिअर आहे, यंत्रांची आवड. स्विस लष्कराचं एक पिस्तूल जगातलं सर्वात अचूक सर्व्हिस पिस्तूल समजतात असं वाचलं. त्यात वेगळं काय आहे? आणि अमेरिकन लोक जुन्या पॉइंट ४५ पिस्तुलाने ५० यार्डवर स्पर्धा खेळतात ते कसं जमतं? – पुणे

तुम्ही म्हणताय ते सिग पी-२१०, स्विस सैन्याने १९४९ साली घेतलं. मूळ कल्पना शार्ल पेटर याची, त्याच्या फ्रेंच पिस्तुलाचं लायसन्स स्विस कंपनीने १९३७ मध्ये घेतलं आणि मग बारा वर्षं त्यावर घासत बसले. तुमच्यासारख्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे यात स्लाइड फ्रेमच्या बाहेरून नाही चालत, फ्रेमच्या आतल्या खाचांमध्ये चालते, त्यामुळे तिला लांबच लांब आधार मिळतो आणि डुगडुग कमी. बाकी जादू वगैरे काही नाही, कारागिरी आहे, प्रत्येक पिस्तुलाचे भाग जुळवून बसवायचे. कारखान्यातून पिस्तुलाबरोबर ५० मीटरवरून झाडलेलं टेस्ट टार्गेट मिळायचं आणि त्यावर ५ सेंटीमीटरच्या आसपासचा ग्रुप असायचा. म्हणजे आपलं साधं सर्व्हिस पिस्तूल २५ मीटरवर चांगल्या दिवशी जे करतं ते हे दुप्पट अंतरावर करायचं. आणि मॅगझिनमध्ये गोळ्या किती, तर ८.

मग १९७५ मध्ये स्विस सैन्याने ते सोडून पी-२२० घेतलं. का? ते जास्त अचूक होतं म्हणून अजिबात नाही, बनवायला स्वस्त होतं म्हणून. सैन्याला पिस्तूल हजारोंनी लागतात आणि तिथे प्रत्येक पिस्तुलावर एक कारागीर बसवणं परवडत नाही. सर्व्हिस पिस्तुलाच्या अचूकतेचा अर्धा इतिहास हा असा हिशोबाच्या वहीत आहे असं मला वाटतं.

अमेरिकेचं प्रकरण वेगळं. त्यांचं पॉइंट ४५ चं एम-१९११ हे नावाप्रमाणे १९११ साली सैन्यात आलं आणि ढिलं पिस्तूल म्हणूनच त्याची ख्याती, हलवलं की वाजतं. पण ओहायोमध्ये ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी म्हणून जागा आहे, १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात, तिथे हेच पिस्तूल एका हाताने धरून ५० यार्डवर, म्हणजे जवळपास ४६ मीटरवर मारतात, १० मिनिटांत १० गोळ्या. दहाची रिंग साडेआठ सेंटीमीटरची. कारखान्यातून आलेलं १९११ ही रिंग स्टँडमध्ये बांधूनसुद्धा धड राखू शकत नाही. म्हणून मग त्यांच्या सैन्याच्या मार्क्समनशिप युनिटचे (नेमबाजीच्या तुकडीचे) गनस्मिथ ते अख्खं खोलतात, नवं बॅरल घालतात, बॅरलच्या तोंडाशी जे बुशिंग (नळी धरणारी कडी) असतं ते नळीच्या मापाने घट्ट बसवतात, मागच्या बाजूला बॅरलचे लग (स्लाइडमध्ये अडकणारे उंचवटे) हाताने घासून स्लाइडशी जुळवतात, स्लाइडचे रूळ आवळतात, माशी-खाच उंच आणि ठळक लावतात, ट्रिगर साफ करतात. मग तेच पिस्तूल ५० यार्डवर साडेसात सेंटीमीटर किंवा त्याच्याही आत येतं. बाहेरून बघाल तर आजोबांच्या काळचं दिसतं, आत सगळं नवं.

घट्ट केलं की चिखल-वाळूत अडकतं असं लोक म्हणतात. थोडं खरं आहे, पण मला ते जरा फुगवून सांगितलेलं वाटतं, कारण पी-२१० एवढं घट्ट असून पाव शतकाहून जास्त स्विस सैनिकांच्या कमरेला होतंच की. अर्थात स्विस सैन्याला त्या काळात लढाई कुठे करायला लागली, असं तुम्ही म्हणाल तर माझ्याकडे उत्तर नाही.

राही सरनोबत आमच्या कोल्हापूरची. तिचं पिस्तूल आणि पोलिसांचं पिस्तूल यात फरक काय? तिला पोलिसांचं दिलं तर तसाच नेम लागेल का? – कोल्हापूर

राहीचं पिस्तूल पॉइंट २२ चं, म्हणजे छोट्या गोळीचं. २०१८ ला आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, भारतीय महिला नेमबाजाचं ते पहिलंच एशियाड सुवर्ण, दुधाळीच्या रेंजवर ही पोर घडली हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पिस्तुलात बॅरल जागचं हलत नाही, माशी-खाच त्याच्याच अंगाला, धक्का किरकोळ, लाकडी मूठ स्वतःच्या तळव्याच्या मापाने तासलेली, ट्रिगर १ किलोचा. स्टँडमध्ये बांधलं तर २५ मीटरवर २ सेंटीमीटरच्या आत ग्रुप देतं, म्हणजे दहाच्या रिंगच्या निम्म्याहून कमी जागेत.

तिच्या हातात ९ एमएम दिलं तर दहा कमी होतील, रॅपिड (झटपट मारायच्या) फेरीत तर नक्कीच, कारण तिथे प्रत्येक गोळीला फक्त ३ सेकंद असतात आणि ९ एमएमचं तोंड धक्क्याने वर उडतं. पण तुमच्या-माझ्यापेक्षा आणि वरच्या साताऱ्याच्या भाऊंपेक्षा कितीतरी पुढे असेल, ते कौशल्य बोटात आहे ना. तेव्हा लष्करात असलेले विजय कुमार बघा, डोग्रा रेजिमेंटचे, २०१२ ला लंडनमध्ये २५ मीटर रॅपिड फायरमध्ये रौप्य, फायनलला ४० पैकी ३० हिट. लोकांना वाटतं सैनिक म्हणजे सैन्याचं पिस्तूल. तो इव्हेंट पॉइंट २२ चाच आहे, सर्व्हिस पिस्तुलाचा त्यात काही संबंध नाही.

मोठ्या काडतुसाचं बघायचं असेल तर जसपाल राणा. २००६ ला दोह्याच्या आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना सेंटर-फायर पिस्तुलात ६०० पैकी ५९०, तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी. ६० गोळ्यांत फक्त १० गुण गेले. या इव्हेंटमध्ये बहुतेक जण पॉइंट ३२ ची चपट्या तोंडाची, मवाळ भरलेली गोळी वापरतात आणि पिस्तूलही स्पर्धेचंच असतं, पण सर्व्हिस पिस्तुलाच्या जातीला सगळ्यात जवळ जाणारा खेळ हाच. ऑलिंपिकमध्ये तो नाही ही माझी जुनी तक्रार आहे.

माझा मित्र सांगतो की त्याचे काका फौजेत असताना ९ एमएमने ५० मीटरवर दहाच्या दहा गोळ्या बुल (अगदी मधोमध) मारायचे. शक्य आहे का? ५० मीटरला गोळी किती खाली येते? – नागपूर

काकांचा मान ठेवून सांगतो, एक आकडा बघा. ५० मीटर फ्री पिस्तूल म्हणून एक इव्हेंट होता, २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून काढला. त्यात पिस्तूल म्हणजे नुसतं अचूकतेसाठीच बनवलेलं, एका वेळी एकच पॉइंट २२ ची गोळी, मूठ हातमोज्यासारखी, ट्रिगरला वजनाची अटच नाही, फुंकर मारली तर सुटेल असा. त्यात सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र मेलेंतिएव्हने १९८० ला मॉस्कोत ६०० पैकी ५८१ मारले आणि तो विक्रम ३४ वर्षं कोणाला मोडता आला नाही, २०१४ ला कोरियाच्या जिन जोंग-ओने ५८३ करून मोडला. म्हणजे जगातला सर्वोत्तम माणूस, जगातलं सर्वोत्तम पिस्तूल, आणि आयुष्यातला सर्वोत्तम दिवस, तरी ६० गोळ्यांत १७ गुण गेलेच. तिथे दहाची रिंग ५ सेंटीमीटरची. आपलं ९ एमएम ५० मीटरला स्टँडमध्ये बांधूनच १० ते २० सेंटीमीटरचा ग्रुप देतं. दहाच्या दहा दहाच्या रिंगमध्ये, नाही हो. दहाच्या दहा माणसाच्या आकाराच्या टार्गेटवर, हो, आणि ते काकांना सहज जमत असेल, कदाचित मूळ गोष्ट तीच असेल आणि पुतण्यापर्यंत येता येता तिचा बुल झाला.

गोळी खाली येण्याचं म्हणाल तर ते फार नाही. ९ एमएमची गोळी सेकंदाला साधारण ३५०-३६० मीटर वेगाने निघते, २५ मीटर जायला सेकंदाचा चौदावा भाग लागतो, तेवढ्यात ती अडीच सेंटीमीटरच्या आत खाली येते आणि पिस्तूल २५ मीटरला झिरो केलेलं, म्हणजे नेम धरला तिथेच लागेल असं जुळवलेलं असेल तर ते साइटमध्येच धरलेलं असतं. त्याच नेमाने ५० मीटरला मारलं तर साधारण ४ सेंटीमीटर खाली लागेल, संपलं. दारूगोळा हलका-भारी निघाला म्हणून गोळी खाली गेली हे पण ऐकायला येतं, तर सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तरी २५ मीटरवर खाली-वर होतं दीड मिलीमीटर. खराब दारूगोळ्याने ग्रुप फुगतो तो वेगामुळे कमी आणि गोळी बॅरलमध्ये नीट न बसल्यामुळे जास्त.

मला पण ९ एमएमने सराव करायचाय, लायसन्स मिळेल का? – डोंबिवली

नाही. ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, सर्वसामान्य नागरिकाला ते लायसन्सवर मिळत नाही. वरळीची किंवा बालेवाडीची रेंज गाठा, १० मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करा, पॉइंट १७७ च्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, आणि ट्रिगर शिकायला त्याच्याइतकं प्रामाणिक दुसरं काही नाही.

आणि साताऱ्याच्या भाऊंसाठी एक राहिलं. गोळ्या वर्षाला मोजून मिळतात हे माहितीये, पण ड्राय फायरला, म्हणजे रिकामं पिस्तूल झाडायच्या सरावाला, गोळी लागत नाही. आर्मररच्या परवानगीने आर्मरीतच, मॅगझिन काढलेलं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, खोलीत एकही राउंड नाही, समोर कोरी भिंत. टार्गेट लावूच नका, नुसती भिंत. माशीकडे बघत ट्रिगर इतका सावकाश दाबायचा की टिक वाजल्यावर माशी खाचेत होती तिथेच राहिली पाहिजे. रोज दहा मिनिटं, चांदमारीच्या आधी महिनाभर, आणि मग ते टार्गेट इकडे पाठवून द्या, बघू खाली डावीकडचं काय झालं ते.